त्या नोकरीला अजून हो म्हणू नकोस

कोरेगाव, रविवार रात्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोघींचेही आवाज चढले. शेवटी बाबांनी माझ्या हातून फोनच काढून घेतला. नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच आज लिहायला बसले आहे. बाबा बरे आहेत. टाके सुकले, परवापासून दुकानातही बसायला लागले. औषधांचा खर्च आहे, पण तो आमचा आम्ही बघू. त्यासाठी तू तीन वर्षांवर डिग्री उरकून त्या कंपनीत जायची गरज नाही. बघ, आलाच विषय.

पोषण ट्रॅकरवर अंगणवाडीतल्या पोरांची वजनं भरून झाली की हल्ली मी तुझ्या चौथ्या वर्षाचंच वाचत बसते. चौथ्या वर्षी संशोधन करायच्या ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, तुझे त्याहून बरेच वर आहेत. चार वर्षांची डिग्री एकूण ७५ टक्क्यांनी पार पडली की एमएस्सी न करता थेट नेट परीक्षेला बसता येतं, पीएचडीला जाता येतं. संशोधनाची जेआरएफ फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये. आत्ता ती कंपनी देतेय त्याच्या दुप्पट झाले ना गं?

इन्स्पायर शिष्यवृत्ती हुकली ते तुझ्या मनातून गेलेलं नाही, मला कळतं. बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात नाव लागायला थोडेच मार्क कमी पडले. वर्षाला ८०,००० होते, त्यातले २०,००० तर उन्हाळ्यातल्या संशोधनासाठी. पण एक हुकली म्हणून तू पुढचे अर्ज बघायचंच सोडलंस. बंगळूरच्या विज्ञान अकादमीचा अर्ज गेल्या हिवाळ्यात तसाच राहिला. तीन अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिने मोठ्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करू देतात, वर विद्यावेतन आणि गाडीभाडं. ही फेलोशिप हुशार मुलांना मिळते आणि तू हुशार आहेस, हे मी आई म्हणून म्हणत नाही. तुझ्या सरांनीही मला तेच सांगितलंय.

शेजारच्या काकू म्हणतात, आता मुलींना सगळी फी माफ. तसं नाही. २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा, बीएस्सीला लागू नाही. आपल्याला महाडीबीटी पोर्टलवरची राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच धरून चालायला हवं. चौथ्या वर्षाचा अर्ज कसा भरायचा ते कॉलेजात आत्ताच विचार. आधार बँकेला जोडलेलं आहे का, तेही बघ. पहिल्या वर्षी पासबुकावर तुझ्या नावात एक ‘ए’ जास्त पडला होता, तेवढ्यावर पैसे किती महिने अडकले, आठवतंय ना?

फार उपदेश झाला. रागावू नकोस.

‘मला कुणापुढे हात पसरायचे नाहीत’ म्हणालीस, तेव्हा माझे आप्पाच डोळ्यांसमोर आले. कर्मवीर अण्णांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, आप्पा तिथं ‘कमवा आणि शिका’त शिकले. सकाळी शेतात काम, मग वर्ग. खुरपं धरून तळहाताला पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायची. कॉलेजनं फुकट शिकवलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि उपकार झाले असंही नाही. घरात सगळे पैशावरून बोलत होते तेव्हाही आप्पा एकटेच म्हणाले होते, पोरीचं शिक्षण थांबवायचं नाही. ती पोरगी मी होते. तुमच्या विद्यापीठातही कमवा व शिका आहे. वाटलं तर ते कर, पण शिकत राहून कर.

मला भीती एकच आहे. आमच्यासाठी म्हणून तू आज सोडशील आणि पुढे कधी आम्हाला तसं बोलूनही दाखवणार नाहीस.

शनिवारी राजू पुण्याला येतोय. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा नवा दाखला आणि थोडे शेंगदाण्याचे लाडू त्याच्याकडे देते. दाखल्याची झेरॉक्स काढून मूळ प्रत जपून ठेव. सोमवारी सरांना भेट आणि मग मला फोन कर. तोवर त्या कंपनीला काही कळवू नकोस.

तुझी,
आई