दोन जेम्स

एडिंबरा, रविवार रात्र

प्रिय सुमे,

विचारत होतीस ना कुठे गायब आहेस, तर बाई मी 1787 सालात अडकलेय. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांची वंशावळ करून देते असं मीच मोठ्या तोऱ्यात बोलून बसले, आता निस्तरतेय.

इकडे सरकारी नोंदणी सुरू झाली 1855 च्या 1 जानेवारीला, आणि मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावंसुद्धा घालायला लागले. आमचा जेम्स, डनफर्मलाइनकडचा विणकर, गेला 1854 च्या डिसेंबरात. अगं महिनाभर कळ काढली असती तर माझं काम झालं असतं! त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, आणि त्या म्हणजे गावच्या कारकुनाची मर्जी. दफनाची नोंद कित्येक ठिकाणी नाहीच. शवपेटीवर घालायची काळी मखमली चादर चर्च भाड्याने द्यायचं, त्या भाड्याची ओळ सापडली की समजायचं माणूस गेला. आमचा जेम्स मला असाच सापडला, जमाखर्चात.

1851 च्या खानेसुमारीत त्याचं वय 64. बाप्तिस्म्याच्या वहीत बघते तर त्याच आडनावाचे दोन जेम्स, एक 1785 चा आणि एक 1787 चा, दोघांचेही बाप विणकर! आणि अक्षर असं की एस लांबच लांब ओढलेला, एफ वाटतो, मागच्या पानाची शाई पुढे फुटलेली, एका आडनावावर मी अर्धा तास डोळे फोडले. त्यात 1783 ते 1794 दर नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे किती जणांनी पोर नोंदवलंच नाही. म्हणजे वहीत नसलेला तिसरा जेम्सही असू शकतो, घे.

एक गोष्ट मात्र तुला आवडेल. या वह्यांत बाईचं माहेरचं आडनाव जात नाही, लग्न होऊन सात पोरं झाली तरी तेच. माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव विचारायला मला आईला फोन करावा लागला, आणि तिलाही नाही आलं सांगता.

मग नावांच्या रिवाजावर गेले. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचं, साधारण आपल्यासारखंच. आमच्या जेम्सचा थोरला अँड्र्यू, म्हणजे 1785 चा जेम्स आपला, कारण त्याचा बाप अँड्र्यू. मी खूश. पण दुसरी मुलगी इझोबेल, आणि इझोबेल ही 1787 वाल्याची आई!

आता चर्चच्या पंचांची इतिवृत्तं वाचतेय. लग्नाआधी दिवस गेले की जोडप्याला पंचांसमोर उभं करून झापायचे आणि कारकून सगळं लिहून ठेवायचा. त्यात इझोबेल सापडली, नवऱ्यासकट. सासूबाई लगेच म्हणाल्या, मग आपला 1785 वालाच, चांगल्या घरचा दिसतो. सासरे चहा ढवळत म्हणाले, मला इझोबेलच हवी.

वंशावळीत सध्या दोघांनाही पेन्सिलने लिहिलंय. पंचाहत्तरी पुढच्या शनिवारी आहे आणि अजून एक वही वाचायची राहिलीये, तेवढ्यात काही सापडलं तर फोन करते, रात्री बारा वाजले असतील तरी उचल.

तुझी,
मंजू