गच्चीचं गणित समजावून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

आमच्या सोलापूरच्या वसतिगृहाचं 'हीट आयलंड रिडक्शन'चं, म्हणजे छत आणि फरसबंदीमुळे साचणारी उष्णता कमी करण्याचं गणित 'लीड' (LEED) या हरित इमारतींच्या मानांकनाच्या तपासणीत मान्य झालं. तुम्ही आमच्या फर्मच्या नाही, या कामाचा एक रुपयाही तुम्हाला मिळणार नव्हता. तरी रात्री घरचं सगळं आवरून तुम्ही फोनवर माझी एक्सेल शीट ओळीओळीने तपासलीत. हे आभार चारचौघांत मानतेय, कारण तुम्ही शिकवलंत ते या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

रंगाच्या माहितीपत्रकावर परावर्तनाचा आकडा ठळक छापला होता. तुमचा पहिला प्रश्न होता, "एमिटन्स कुठंय? आणि तीन वर्षांनंतरचा एसआरआय?" ऊन किती परत फेकलं जातं ते परावर्तन, आणि मुरलेली उष्णता छत किती सहज बाहेर सोडतं तो एमिटन्स. दोन्ही मिळून एसआरआय, म्हणजे सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स ठरतो. एमिटन्स ०.९० धरून ०.०५ परावर्तनाचा काळा पृष्ठभाग म्हणजे शून्य आणि ०.८० चा पांढरा म्हणजे शंभर. जस्ताचा कोरा पत्रा डोळे दिपवतो, तरी हात लावू देत नाही, तो का, हे मला तेव्हा नीट कळलं. एमिटन्स फारच कमी, उष्णता सुटतच नाही.

मग उतार. लीडच्या चौथ्या आवृत्तीत (व्ही४) २:१२ पर्यंतच्या, म्हणजे बारा फूट आडव्या अंतरात दोन फुटांपर्यंत चढणाऱ्या उताराला तीन वर्षांनंतरचा एसआरआय किमान ६४ लागतो, तो उपलब्ध नसेल तर नव्या मालाचा ८२. त्याहून जास्त उताराला हेच आकडे ३२ आणि ३९. गच्ची आणि जिन्यावरचा उतरता पत्रा वेगवेगळ्या ओळींत मांडायला लावलेत ते यासाठीच. सोलर पॅनेल आणि यंत्रांखालची जागाही आधी वजा करायला लावलीत.

बेरजेचं तुम्ही दिलेलं उदाहरण मी आता इतरांना देते. समजा, वजावटीनंतर छत ९०० चौरस मीटर आणि फरसबंदी ७००. निकषात बसणारं छत ०.७५ ने आणि जमिनीवरच्या उपायांचं क्षेत्र ०.५ ने भागून येणारी बेरीज या एकूण क्षेत्राइतकी तरी हवी, म्हणजे गाठायचे १,६००. सगळं छत निकषात बसलं तर ९०० भागिले ०.७५, म्हणजे १,२००. उरलेल्या ४०० साठी जमिनीवरच्या उपायांना ०.५ ने भागायचं, म्हणजे २०० चौरस मीटरवर झाडांची सावली किंवा फिकट पेव्हर पुरे. हे पाहिल्यावर पार्किंगलगतची कडुनिंबाची रांग वाचवायला मी क्लायंटशी जोर लावून बोलू शकले. नुसतं "झाडं चांगली असतात" म्हणून ती वाचली नसती.

तरी मला सर्वांत मोलाचा वाटला तो तुमचा धुळीचा आग्रह. पांढरी गच्ची वर्षभरात मळते, म्हणून तर तीन वर्षांनंतरचा आकडा मागतात. "गुण मिळतील गं, पण वरच्या मजल्यावर मे महिन्यात मुली झोपणार आहेत," असं तुम्ही म्हणालात. देखभालीच्या करारात गच्ची धुण्याचं कलम तुमच्या त्या वाक्यामुळे आलं. पाणी कुठून घ्यायचं, पन्हळी कधी साफ करायच्या, सगळं त्यात लिहिलंय.

मॅडम, त्या मुली तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांच्या वतीनेही आभार मानते. सोलापूरला याल तेव्हा गच्ची दाखवायला मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एक कनिष्ठ आर्किटेक्ट