शाली परत घ्या, शिबिराचे पैसे द्या

(सीमाभागाला शब्द देऊन गेलेल्या एका मंत्रिमहोदयांना खुले पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

आपलं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. बेळगावच्या आसपासच्या गावांत व्यासपीठावरून आश्वासनं देऊन गेलेले आजी-माजी मंत्री इतके आहेत की ज्यांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटेल, त्यांनी ते खुशाल आपलं समजावं. ओळखीची खूण म्हणून एवढंच सांगते. संमेलनाचं दुपारचं सत्र होतं. आपल्याला पुढे कोल्हापूरला कार्यक्रम होता, म्हणून कविसंमेलन मध्येच थांबवून माइक आपल्या हाती देण्यात आला. सीमाभागातल्या नवोदित कवींसाठी शासन दरवर्षी निवासी कार्यशाळा घेईल, पैशाची काळजी करू नका, असं आपण म्हणालात. टाळ्या पडल्या. ज्यांचं वाचन थांबवलं त्यांत माझी एक विद्यार्थिनी होती. तिचा नंबर नंतर लागलाच नाही. टाळ्या मात्र तिनेही वाजवल्या.

त्या कार्यशाळेचा रीतसर प्रस्ताव आम्ही पाठवला. अंदाजपत्रक, संस्थेचं नोंदणीपत्र, लेखापरीक्षण अहवाल, सगळं तीन प्रतींत. त्याचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. आपली संस्था राज्याबाहेर नोंदणीकृत असल्याने निकषांत बसत नाही, सबब प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. खाली सही, तीही वाचता न येणारी.

राज्याबाहेर! साहेब, 2004 सालापासून महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात सांगतंय की बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी आणि ही सगळी 865 गावं आमची आहेत. न्यायालयात उभं राहायचं असलं की आम्ही तुमचे, आणि मुलांना चार दिवस जेवू घालून कविता शिकवायची वेळ आली की राज्याबाहेरचे. दोन्ही फायली वेगवेगळ्या टेबलांवर असतील, मान्य. पण शासन एकच आहे ना?

कार्यशाळा म्हणजे काय हे तुम्हाला त्या दिवशी तरी ठाऊक होतं का, अशी शंका मला आता येते. कार्यशाळा म्हणजे लहान संमेलन नव्हे. तिथे ग्रंथदिंडी नसते, दीपप्रज्वलन नसतं, फेटे नसतात, मंत्री तर नसतातच. वीस-पंचवीस मुलं, दोन जाणते कवी, एक साधं घर, दोन वेळचं जेवण आणि फोन बंद. सकाळी वाचन, दुपारी लेखन, रात्री एकमेकांच्या कवितांची चिरफाड. ओवी कशी चालते, मात्रा कशा मोजायच्या, गझलेत रदीफ-काफिया (शेराच्या शेवटी येणारा तोच तो शब्द आणि त्याच्या आधीचं यमक) सांभाळताना अर्थ कुठे पांगळा होतो, हे तिथे बोटाने दाखवून सांगतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे कुणीतरी तोंडावर सांगतं की बाळा, ही कविता झालेली नाही.

आमच्याकडे हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. डिसेंबर उजाडला की कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी, दर रविवारी कुठे ना कुठे संमेलन. गावकरी वर्गणी काढतात, मांडव घालतात, हजारोंना जेवण घालतात. त्यांच्यापुढे मी हात जोडते. त्यांनीच इथली मराठी जगवली, तुम्ही नव्हे. पण संमेलनात कवीला तीन मिनिटं मिळतात, आणि तीन मिनिटांत टाळी घ्यायची तर सोपा रस्ता एकच: सीमा, रक्त, हुतात्मे, माय मराठी. मुलगा सोळाव्या वर्षी ती टाळी घेतो आणि चाळिसाव्या वर्षीही तीच कविता वाचत असतो. मग शाल, श्रीफळ, फोटो. आमच्या घरात शालींचा ढीग झालाय. थंडीत आमचा कुत्रासुद्धा सत्काराची शाल पांघरून झोपतो, आणि ती कुणी दिलेली हे मी इथे लिहीत नाही.

इंदिरा संत याच बेळगावात राहून लिहीत होत्या. त्यांना कुणी सीमाकवयित्री म्हटलं नाही. आज त्याच गावातल्या पोरांना सीमेखेरीज दुसरा विषय आपला वाटत नाही. ही पोरांची चूक नाही. त्यांना आपण व्यासपीठ दिलं, पण बसून लिहायला खोली दिली नाही.

तुम्ही शब्द दिलात म्हणून आम्ही पैशाची वाट न बघता पहिलं शिबिर घेतलं. जांबोटीच्या पुढे एका ओळखीच्यांचं फार्महाऊस, जुलैचा महिना. तिकडचा जुलै तुम्ही गाडीच्या काचेतूनही पाहिलेला नसेल. पलीकडे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथून जो पाऊस येतो तो परवानगी विचारत नाही. पहिल्याच रात्री कौलं गळायला लागली, वीज गेली. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने सपशेल हात वर केले. गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं असताना मी सगळ्यांची भात-आमटी उभ्याने केली. मार्गदर्शकांचं मानधन आणि एसटीचं भाडं माझ्या पेन्शनमधून गेलं. किराणा दुकानाची उधारी दिवाळीनंतर फिटली. यजमान अजून म्हणतात, शासनाची कार्यशाळा आपल्या स्वयंपाकघरात झाली. ऑपरेशन पुढे ढकललं आहे. जिना चढताना तुमची आठवण निघते, चांगल्या शब्दांत निघते असं म्हणवत नाही.

पण त्या चार दिवसांत काय घडलं तेही ऐका, कारण ते तुमच्या कुठल्याही अहवालात येणार नाही. उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणारा एक मुलगा आला होता. त्याने पहिल्या दिवशी सीमेसाठी रक्त सांडायची कविता वाचली. मार्गदर्शक कवी गप्प ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, काल शिफ्ट सुटल्यावर घरी गेलास तेव्हा आधी काय केलंस? मुलगा म्हणाला, नाक शिंकरलं. काळी वाळू येते. साच्याची वाळू कितीही धुतली तरी उशीवर उतरते, बायको रोज अभ्रा बदलते. "हे लिही," ते म्हणाले. तो आढेवेढे घेत म्हणाला, "सर, हे लिवतो, खरं ह्याला टाळी कोण देणार?" दुसऱ्या दिवशी त्याने आठ ओळी आणल्या. भट्टी, वाळू, अभ्रा आणि बायको. कुणी टाळी वाजवली नाही. पाऊस पडत होता आणि सगळे गप्प होते. त्या मुलाने त्यानंतर रक्ताची कविता काढलेली नाही.

दुसरी एक मुलगी खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावातली. गावात मराठी शाळेचे वर्ग आटले, तेव्हा बापाने पहिलीपासूनच कन्नड माध्यमात घातली. तिने वही पुढे केली तर कविता मराठी आणि अक्षरं कन्नड. घरी जी भाषा बोलते ती तिला देवनागरीत लिहिता येत नाही. "बाई, लिवलंय, खरं तुमास्नी वाचाय येतंय काय?" असं तिनेच मला विचारलं. मला कन्नड वाचता येतं, मी वाचून दाखवली. पेरणीच्या वेळी आजी बियाण्याशी काय पुटपुटते, एवढंच त्या कवितेत होतं, पण त्यात एक शब्द जादा नव्हता. शिबिर संपेपर्यंत तिला देवनागरीत नाव आणि ती कविता लिहायला शिकवली. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं. ती वही मी तुम्हाला पाठवणार नाही, तीही निकाली निघेल.

राज्यघटनेच्या 350 अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं लिहिलेलं आहे. कुणासाठी लिहिलं ते मात्र मला आता कळेनासं झालंय.

याचा अर्थ इकडचे, कर्नाटकातले, धुतल्या तांदळासारखे, असा नव्हे. शिबिराआधी आमच्या तालुक्यातल्या एका ठाण्यात परवानगीसाठी बसवून ठेवलं. बाहेरून कोण येणार, काय बोलणार, सीमाप्रश्नावर बोलणार नाही असं लिहून द्या, तेही कन्नडमध्ये. कवितांची यादी मागितली. पावसाच्या कविता आहेत म्हटलं. कुठल्या राज्यातला पाऊस, एवढंच विचारायचं त्यांनी बाकी ठेवलं. आणि बेंगळुरूचं म्हणाल, तर त्या सरकारने कन्नडबरोबर तुळू, कोकणी, कोडव, ब्यारी, अरेभाषे, उर्दू एवढ्या भाषांच्या अकादम्या काढल्या आहेत. फार चांगलं केलं. मराठीची कुठे आहे? 2020 साली 50 कोटींची घोषणा झाली ती मराठा समाजासाठी, आणि कन्नड संघटना रस्त्यावर उतरताच लगबगीने खुलासाही आला की ही भाषेसाठी नाही. बेळगावात 2012 साली शेकडो कोटींची सुवर्ण विधानसौध उभी राहिली, हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडले तर तिथे काय चालतं ते आम्ही इथे राहून बघतोच. तिच्यातली चार दालनं मागितली तर देशद्रोह ठरेल.

तरीही कन्नड लेखकांचा मला राग नाही, उलट हेवा वाटतो. शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं एवढंसं खेडं आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी नीनासम ही नाट्यसंस्था उभी केली, त्यांना 1991 मध्ये मॅगसेसे मिळालं. तिथल्या संस्कृती शिबिरात शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी एकत्र राहून नाटक-कविता ऐकतात, त्यावर वाद घालतात. कन्नडमध्ये तरुण कवींची कम्मटं, म्हणजे कार्यशाळा, भरतात, आमच्या ओळखीची कन्नड मुलं जाऊन येतात आणि आल्यावर त्यांची कविता बदललेली दिसते. दूर अमेरिकेत आयोवाला 1967 पासून जगभरच्या लेखकांना महिनोन्‌महिने बोलावून नुसतं लिहू देतात, आपले दिलीप चित्रेही तिथे राहून आले. आम्ही आयोवा मागत नाही हो. जांबोटीला न गळणारं छप्पर मागतोय.

आता पैशाचं. अखिल भारतीय संमेलनाला शासनाने दोन कोटी रुपये दिलेले आहेत. तीन दिवसांचं संमेलन, दोन कोटी. तीस मुलांचं चार दिवसांचं शिबिर आमच्या हिशोबाने सव्वा लाखात होतं, जेवण, राहणं, मानधन, वह्या धरून. म्हणजे एका संमेलनाच्या पैशात दीडशेच्या वर शिबिरं. 865 गावांना सहा वर्षांच्या आत प्रत्येकी एक. हिशोब रात्री घाईत केलाय, तुमच्या वित्त विभागाकडून तपासून घ्या, त्यांना तेवढं तरी काम मिळेल. नवलेखकाचं पहिलं पुस्तक छापायला अनुदानाची योजना आहे. भिलारला 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, चांगली गोष्ट आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे आम्हीही वाटले. छापायला पैसे, मांडायला पैसे, मिरवायला पैसे. लिहायला शिकायचं म्हटलं की निकष.

1946 साली याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. त्यानंतर चौदा वर्षांनी तुमचं राज्य झालं, ज्यात आज तुम्ही मंत्री आहात. ज्या गावातल्या मांडवाने तुम्हाला राज्य दिलं, ते गाव राज्याबाहेर राहिलं. याचं दुःख मोर्चात बोलून झालं, दरवर्षी 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळून झाला. मला आता वाटतं, हा प्रश्न सुटू नये यातच दोन्हीकडच्यांची सोय आहे. इकडच्यांना बोट दाखवायला आम्ही लागतो, तिकडच्यांना गळा काढायला. निवडणूक आली की दोघांनाही आमची आठवण येते, नंतर आम्ही आणि आमची पोरं. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्नासाठी नेमलेले तुमचे दोन समन्वयक मंत्री बेळगावला यायचे ठरले होते, तारीखही बदलली, आणि शेवटी कुणीच आलं नाही. आम्हाला भेटायला येणं एवढं अवघड आणि आमच्यावर भाषण करणं एवढं सोपं!

तुम्हाला काही करायचंच असेल तर निकषांतली नोंदणीची अट 865 गावांपुरती काढा, त्याला एक शासन निर्णय लागतो, न्यायालयाचा निकाल लागत नाही. तेही जमत नसेल तर चंदगड तालुक्यात, अगदी आमच्या हद्दीला लागून, शासनाच्या एखाद्या विश्रामगृहाच्या किंवा आश्रमशाळेच्या खोल्या मे महिन्यात चार दिवस मोकळ्या करून द्या. ती जागा तुमच्याच राज्यात आहे, तिथे निकष आडवे येऊ नयेत. मुलं आम्ही आणू. मार्गदर्शकांना बोलावू. जेवणही करू. उद्घाटनाला येऊ नका, तेवढ्याने अर्धा दिवस वाचेल.

प्रस्ताव पुन्हा पाठवला आहे, तीन प्रतींत. शिबिर मे महिन्यात ठरलेलं आहे. पैसे आले तर तीस मुलं घेऊ, नाही आले तर बारा. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही म्हणायचं ही यादी मला एप्रिलअखेर करायची आहे, तोवर उत्तर कळवावं.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका