गच्चीवरच्या हीट पंपाच्या आवाजाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : हीट पंपाभोवती पत्रे न मारता त्याची बैठक दुरुस्त करून मिळणेबाबत

महोदय,

गरम पाण्याचा हीट पंप आमच्या बेडरूमच्या बरोबर डोक्यावर आहे. गेले दोन महिने रात्री तो सुरू झाला की घोगरी घुंई छतातून खाली उतरते. खिडक्या लावून काही फरक पडत नाही आणि भिंतीला कान लावला तर उलट जास्तच ऐकू येते. फडताळातला स्टीलचा पेला किणकिणत राहतो, बोट टेकवले की थांबतो. आईला तर रात्री ११ नंतर धड झोपच लागत नाही.

आवाज अडवण्यासाठी मशीनला चारी बाजूंनी पत्रे मारायचा विचार असल्याचे कळले. कृपया तसे करू नये. हे मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवते. कोंडून ठेवले तर स्वतःच सोडलेली थंड हवा परत ओढेल, पाणी तापायला जास्त वेळ लागेल आणि वीजही जास्त जाईल. शिवाय हा आवाज हवेतून येत असता तर खिडकी लावल्यावर कमी झाला असता. तो स्लॅबमधून येतो आहे.

रविवारी मी वर जाऊन नीट पाहिले. एका पायाखालचे रबर पॅड चेपून इतके कडक झाले आहे की त्यात नखही रुतत नाही. दुसऱ्या पायाचा बोल्ट एवढा आवळला आहे की लोखंड लोखंडाला टेकले आहे, म्हणजे खाली रबर असूनही कॉम्प्रेसरची थरथर सरळ स्लॅबमध्ये जाते. पाण्याचा पाइप उघड्या लोखंडी क्लॅम्पने भिंतीला जखडला आहे. तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला, तेव्हा खाली खोलीत थांबलेली मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता कमी झाला!"

तेव्हा मेकॅनिकला बोलावून चारही पॅड बदलावेत, बोल्ट हिशोबात आवळावेत, क्लॅम्पखाली रबर घालावे आणि पाइपचा मशीनजवळचा तुकडा लवचीक बसवावा. त्याच वेळी पंख्याचे पातेही पाहून घ्यावे; धूळ साचून किंवा पाते वाकून तोल गेला तरी थरथर वाढते. घरघर असेल तर बेअरिंग, पाइपमध्ये गुडगुड असेल तर अडकलेली हवा. कॉइलसमोर ठेवलेले जुने दरवाजे मात्र आजच हलवावेत, हवेची वाटच त्यांनी अडवली आहे.

आणखी एक विनंती. मशीनचा टायमर रात्रीऐवजी दुपारचा लावावा. दुपारी हवा गरम असते, त्यामुळे तेवढेच पाणी कमी विजेत तापते, आणि टाकीला इन्सुलेशन आहेच.

काम होईल त्या दिवशी मी पूर्ण वेळ गच्चीवर थांबेन. समितीपैकी कोणीतरी पॅड बदलण्याआधी आणि नंतर आमच्या बेडरूममध्ये येऊन आवाज स्वतः ऐकावा.

आपला,
वरच्या मजल्यावरील सभासद