एक्सपान्शन विकताना अटी आधी सांगा

मा. संपादक,
स. न.

दिवाळीचा बोनस हातात पडला की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पोरांचे थोडे पैसे हल्ली गेमकडे वळतात. घरची मोठी माणसं ‘पैशांचा धूर’ म्हणून विषय मिटवतात. धूर आहे की नाही, हे मात्र काय घेतलं त्यावर ठरतं. एकदा विकत घेतलेल्या गेमच्या एक्सपान्शनसाठी, म्हणजे त्याला जोडून नंतर येणाऱ्या नव्या भागासाठी, कंपनी पुन्हा पैसे मागते, तेव्हा मूळ गेम पुरा हवा आणि नवा भाग कोणत्या अटीवर उघडतो ते पैसे घेण्याआधी ठळक सांगितलेलं हवं.

‘एल्डन रिंग’ या गेमचं ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हे एक्सपान्शन जून २०२४ मध्ये आलं. खेळायला अव्वल, यात वाद नाही. पण त्यात शिरायचं तर मूळ गेममधले रादान आणि मोग हे दोन बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, आधी मारावे लागतात, आणि मोगपर्यंत पोचता पोचताच अनेकांचा दम निघतो. ड्युटी करून रात्री तासभर खेळणाऱ्याने ते हौसेने घेतलं तर महिनोन्महिने तसंच पडून राहतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळतात, पण १४ दिवसांच्या आत, आणि खरेदीनंतर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच. म्हणजे त्या बॉसच्या मागे लागलात की परतीची वाट बंद! याउलट ‘विचर ३’चं ‘ब्लड अँड वाइन’ २०१६ चं. त्यात वरच्या लेव्हलचा तयार नायक गेराल्ट घेऊन थेट तूसाँच्या नव्या मुलखात उतरता येतं. ज्याला सगळं पहिल्यापासून खेळायचंय, त्याची वाटही मोकळीच.

एक्सपान्शन न घेणाऱ्याला कंपनी कसं वागवते, हेही मी पाहतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’चं ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ २०२२ मध्ये आलं. द्रविड, बंगाली, गुर्जर या खेळायला मिळणाऱ्या नव्या संस्कृती विकत. पण जुन्या ‘इंडियन्स’ची जागा घेणारे हिंदुस्तानी मूळ गेमवाल्यांना फुकट. शिवाय ज्याने एक्सपान्शन घेतलंय त्याच्याशी न घेतलेला मित्र ऑनलाइन खेळू शकतो. (राजेंद्र चोळाची मोहीम आहे, मराठ्यांची नाही. असो.)

वाईट नमुनेही कमी नाहीत. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ आला, तेव्हा जाविक हे पात्र पहिल्याच दिवसापासून बहुतेकांना वेगळ्या पैशांत. चादर विकून तिची किनार वेगळी विकण्यातला प्रकार! ‘डेस्टिनी २’ने तर २०२० मध्ये लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या जुन्या मोहिमा गेममधूनच काढून टाकल्या. ‘सायबरपंक २०७७’चं ‘फँटम लिबर्टी’ चांगलं, सोबतचे मोठे बदलही फुकट. मात्र ज्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) या गेमच्या मशीनवर मूळ गेम विकला, त्यावर यातलं काहीच आलं नाही. आपल्याकडे सेकंडहँड पीएस४ घेणारे थोडे नाहीत.

आपल्या पुरवणीत नव्या मोबाइलची किंमत, बॅटरी, कॅमेरा सगळं येतं. तिथेच नव्या एक्सपान्शनबद्दल चार ओळी द्याव्यात: किंमत किती, कोणत्या मशीनवर चालतं, आणि मूळ गेम कुठवर खेळला की उघडतं.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर