फोनवर पहिली, समोर येताच बाद

महोदय,

आपल्या पत्रस्तंभात गेल्या आठवड्यात एका वाचकांनी असे मत मांडले आहे की, नोकरी देताना उमेदवाराचे वजन विचारात घेण्यात गैर काही नाही. वजन काही जन्माने चिकटलेले नसते, आणि ज्याला स्वतःच्या शरीराला शिस्त लावता येत नाही तो कामाला काय शिस्त लावणार? मी एकवीस वर्षे कर्मचारी भरतीच्या कामात घालवली असून हा युक्तिवाद मुलाखतीच्या खोलीत प्रत्यक्ष कसा चालतो ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूने पाहिले आहे. तो तिथे कधीही उघडपणे मांडला जात नाही. पत्रलेखकांनी तो निदान स्वच्छ शब्दांत मांडला, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

एक प्रसंग सांगते. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेऊन त्या सोडवण्याची जागा भरायची होती. पहिली फेरी साहजिकच फोनवर झाली. आमच्यातले एक परीक्षक संतापलेल्या ग्राहकाचे सोंग घेऊन बोलत होते, आणि एका उमेदवार मुलीने त्यांना इतक्या शांतपणे हाताळले की फोन ठेवताना ते तिला मनापासून ‘थँक यू’ म्हणून गेले. त्या फेरीत ती पहिली आली. दुसरी फेरी समोरासमोर होती. त्या दिवशी लिफ्ट बंद असल्याने सगळे उमेदवार तीन मजले चढून आले होते आणि जवळजवळ सगळ्यांनाच धाप लागली होती. ही मुलगी चांगलीच स्थूल होती. हातांच्या खुर्चीत तिला नीट बसता येईना, म्हणून ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर टेकून उत्तरे देत राहिली, आणि बिनहातांची खुर्ची आणून द्यावी हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचले नाही. ती गेल्यावर गुणपत्रिकेतल्या ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्यात तिला दहापैकी तीन गुण पडले आणि शेरा लिहिला गेला, ‘उत्साह कमी वाटतो’. तिच्या आधी आलेला सडपातळ मुलगाही तेवढाच धापा टाकत होता. त्याच्या नावापुढे ‘चपळ, उत्साही’ असे लिहिले होते. नोकरी त्याला मिळाली. त्या गुणपत्रिकेवरची तिसरी सही माझी आहे.

त्या कागदावर वजनाचा उल्लेख कुठेही नाही. उद्या कोणी चौकशी केली असती तरी आम्ही निर्धास्त होतो, कारण ‘उत्साह’, ‘छाप’, ‘प्रेझेंटेबल’, ‘आमच्या टीममध्ये बसेल असे वाटत नाही’ या शब्दांना कोणी हात लावू शकत नाही. नाकारलेल्या उमेदवाराला खरे कारण कळत नाही, आणि बऱ्याचदा नाकारणाऱ्यालाही ते स्वतःशी कबूल करावे लागत नाही.

हा एका खोलीतला योगायोग नव्हे. स्वीडनमध्ये डॅन-ओलोफ रूथ या अर्थशास्त्रज्ञांनी खऱ्या जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले होते. पात्रता सारखीच ठेवली होती, फरक होता तो सोबतच्या छायाचित्रात; काही छायाचित्रांतली व्यक्ती संगणकाच्या मदतीने स्थूल दिसेल अशी केलेली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्थूल दिसणाऱ्या पुरुषांना मुलाखतीची बोलावणी सुमारे ६ टक्क्यांच्या अंतराने, तर स्त्रियांना सुमारे ८ टक्क्यांच्या अंतराने कमी आली. इथे तर जिना नव्हता की धाप नव्हती. पगाराच्या बाबतीत अमेरिकेतले जॉन कॉली यांनी २००४ मध्ये दाखवले की गोऱ्या स्त्रियांमध्ये सुमारे २९ किलो जादा वजनामागे वेतन सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. पुरुषाची ढेरी अनेकदा ‘भारदस्तपणा’ म्हणून खपून जाते, बाईच्या बाबतीत तोच आकार आळसाचा पुरावा ठरतो, हे मला त्यासाठी आकडे न पाहताही सांगता आले असते.

आता शिस्तीबद्दल. वजन आनुवंशिकतेने ठरते, स्टेरॉइडसारख्या औषधांनी वाढते, थायरॉइडच्या विकाराने वाढते, आणि हो, खाण्यापिण्याच्या सवयींनीही वाढते. समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत यांतले काय किती, हे पाहून कोणालाच कळत नाही. पण क्षणभर धरून चालू की सगळा दोष त्याचाच आहे. तरीही उमेदवार सिगारेट ओढतो का, रात्री किती वाजता झोपतो, गाडी किती बेफाम चालवतो, हे आम्ही कधी विचारले नाही. शिस्तीची एवढी चाड असती तर हे प्रश्नही विचारले गेले असते. बारीक माणसाचा बेशिस्तपणा अंगावर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. काही संस्था बीएमआयचा आकडा पुढे करतात, पण किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले यांनी मांडले ते लोकसमूहाची सरासरी सांगण्यासाठी. त्यातून स्नायू कुठले आणि चरबी कुठली हेसुद्धा कळत नाही, मग कामाचा उरक कुठून कळणार?

कायद्याचे म्हणाल तर बहुतेक देशांत भेदभावाच्या बंदीच्या यादीत धर्म, वंश, लिंग, अपंगत्व असते, वजन नसते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९७६ च्या कायद्यात उंची आणि वजनाचा समावेश केला, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये केला. युरोपीय न्यायालयापुढे डेन्मार्कमधल्या एका पालिकेने कामावरून कमी केलेल्या बालसंगोपकाचे प्रकरण आले तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, न्यायालय म्हणाले की निव्वळ स्थूलतेवरून होणारा भेदभाव युरोपीय कायद्याने निषिद्ध नाही, मात्र स्थूलतेमुळे दीर्घकाळ कामात अडथळा येत असेल तर ते अपंगत्व ठरू शकते. कायदेशीर तर्क म्हणून हे बिनचूक असेल, पण त्याचा व्यवहारातला अर्थ पाहा. संरक्षण हवे असेल तर ‘मला काम जमत नाही’ असे आधी सिद्ध करायचे. आणि जिला काम उत्तम जमते, जी फोनवर पहिली येते, तिच्या पाठीशी कायदा नाही.

मालकाच्या हातून निवडीचा अधिकार काढून घ्या, असे माझे म्हणणे नाही. शिडीवर आणि उंचावर बांधायच्या सुरक्षापट्ट्यावर किती किलोंचा भार चालेल हे उत्पादकाने छापलेले असते. तिथे मर्यादा जरूर घाला, जाहिरातीतच आकड्यासह सांगा. न्यूयॉर्कच्या कायद्यातही अत्यावश्यक काम करताच येत नसेल तेथे अपवाद ठेवलेला आहे. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत मी आमच्या गुणपत्रिकेतला ‘व्यक्तिमत्त्व’ हा रकाना काढून टाकायला लावला आणि त्या जागी ‘या पदाचे नेमके कोणते काम उमेदवाराला जमणार नाही?’ असा प्रश्न घातला. सहकारी कुरकुरले, कारण तिथे ‘उत्साह’ लिहून भागत नव्हते. त्या मुलीच्या दृष्टीने ही सुधारणा अर्थातच फार उशिरा झाली.

संपादक महाशय, एक विनंती थेट आपल्याकडे आहे. ज्या अंकात ते पत्र छापून आले त्याच अंकाच्या नोकरीविषयक पानावर हिशेबनीस आणि टेलिफोन ऑपरेटर या पदांसाठी ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व आवश्यक’ अशी अट असलेल्या जाहिराती मी मोजल्या, त्या चार होत्या. जाहिरात घेताना आपल्या विभागाने जाहिरातदाराला एवढेच विचारावे की, या अटीचा त्या कामाशी संबंध काय, आणि उत्तर मिळाले नाही तर ती ओळ वगळून उरलेली जाहिरात छापावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भरती अधिकारी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)