बाई, तुम्ही आधी नाव विचारलंत

आदरणीय बाई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही घडी करून बायबलात ठेवलं असतंत आणि पुन्हा कधी विषय काढला नसतात. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, अशा कितीतरी आया आहेत, ज्यांनी माझ्यासारखंच सगळं ऐकून घेतलं आणि ज्यांना तुमच्यासारखं कोणी भेटलं नाही. त्यांच्यातल्या एकीपर्यंत जरी हे पोचलं, तरी तुम्ही मला माफ कराल.

माझी मुलगी आठवडाभरही जगली नाही. काचेच्या पेटीत होती. बाप्तिस्म्यासाठी पाळकांना बोलवावं हे कोणाला सुचण्याआधीच ती गेली. त्या दिवसांबद्दल मला इथे लिहायचं नाही. लिहायचं आहे ते त्यानंतर आमच्या घरात येऊन लोक जे बोलले त्याबद्दल, आणि मग तुमच्याबद्दल.

मातीच्या दिवशी मंडळीतले एक जबाबदार गृहस्थ माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "बाप्तिस्मा झाला नव्हता, तेव्हा रजिस्टरात नोंद होणार नाही. कराराची खूणच नाही ना." देवाने आपल्या लोकांना दिलेलं वचन तो करार, आणि बाप्तिस्मा त्याची खूण, असं आमच्याकडे मानतात. आवाज हळू होता, पण मला ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात नात्यातल्या कोणीतरी दुसऱ्या मंडळीच्या एका उपदेशकांना घेऊन आलं. त्यांनी पिशवीतून तक्ता काढून माझ्याच पलंगावर पसरला. जगाच्या इतिहासाची सात युगं, सात रंग. अब्राहामाचा करार इस्राएलाचा, मंडळीचं युग निराळं, त्यात आईबापांच्या विश्वासावर लेकरांना जागा नाही, असं ते समजावू लागले. मी विचारलं, "माझी मुलगी कुठे आहे?" त्यांचं बोट तक्त्यावरून पुढच्या युगाकडे सरकलं आणि ते ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल बोलत राहिले.

दोघांनीही शास्त्राचाच आधार घेतला होता. दोघांनीही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

तुमच्याकडे आम्ही कसे पोचलो, ते सांगत बसत नाही. तुम्ही पूर्वी जुना करार शिकवायचात, एवढंच कानावर आलं होतं. मी प्रश्न घोकून आले होते: बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं लेकरू करारात असतं की कराराबाहेर? तो तोंडातून निघायच्या आत तुम्ही माझा हात धरून मला खाली बसवलंत आणि विचारलंत, "नाव काय ठेवलं होतंस गं तिचं?"

बाई, तोवर कोणी विचारलंच नव्हतं. दवाखान्याच्या कागदांवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. कबरस्तानाच्या पावतीवर तेच. आमच्याकडे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी देवळात सगळ्यांसमोर घेतलं जातं. तिचं नाव त्याआधी फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि ती गेल्यावर आम्हीही एकमेकांसमोर ते उच्चारत नव्हतो. मी सांगितलं. तुम्ही ते मोठ्याने घेतलंत, शेजारच्या खोलीत कोणाला हाक मारावी तसं. मग तुमचं बायबल काढलंत. काळ्या पुठ्ठ्याचं, पाठीला कापडी पट्टी लावलेलं, समास पेन्सिलीच्या बारीक अक्षराने भरलेले. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय. पेन्सिलीला ब्लेडने टोक केलंत. तुमचा उजवा हात कापतो, म्हणून डाव्या हाताने मनगट धरून अठराव्या वचनाच्या शेजारी माझ्या मुलीचं नाव लिहिलंत. मग पान माझ्याकडे वळवून, "बरोबर आहे ना?" म्हणालात. एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती. रबराने खोडून तुम्ही ती दीर्घ केलीत.

ते नाव मी या पत्रात लिहीत नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे तुम्ही लिहिलं आहे.

मग तुम्ही ते वचन वाचलंत. दाविदाचं बाळ सातव्या दिवशी मेलं. सुंता आठव्या दिवशी व्हायची. अब्राहामाला दिलेल्या कराराची तीच खूण, आणि बाप्तिस्मा देणारा योहान असो की आपला प्रभू, नाव ठेवल्याची गोष्ट लूक सांगतो तीही आठव्याच दिवशी. दाविदाच्या त्या बाळाला बायबलात नाव नाही. हा सातवा दिवस जन्मापासूनचा की आजारापासूनचा, याबद्दल अभ्यासकांची दोन मतं आहेत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. माझी समजूत घालायला शास्त्राला ओढूनताणून वाकवलं नाहीत. "पण एवढं बघ," म्हणालात, "दावीद खुणेची चौकशी करत नाही. उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन करतो, घरी येऊन जेवतो. आणि म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन." तुम्ही वाचायच्या थांबलात. चहा गार झाला होता. तुम्ही तो पुन्हा गरम करायला उठलात आणि मला रडायला वेळ दिलात.

नंतरच्या भेटींत तुम्ही मला जे शिकवलंत, ते मी आयुष्यभर रविवारी देवळात बसूनही कधी ऐकलं नव्हतं. उत्पत्तीचा पंधरावा अध्याय तर मी वाचलाच नव्हता म्हणायचा. अब्राम तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. गिधाडं उतरतात, त्यांना हाकलत राहतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि मग धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. तुकड्यांमधून जाणं म्हणजे काय, हे कळायला तुम्ही यिर्मयाचा चौतिसावा अध्याय उघडलात: जे वासराच्या दोन भागांमधून गेले आणि तरी शब्द मोडला, त्यांची गत त्या वासरासारखी होईल. म्हणजे तुकड्यांमधून जाणारा स्वतःच्या जिवाची शपथ घेतो. आणि इथे गेला कोण? एकटा देव. "अब्राम तेव्हा काय करत होता?" तुम्ही मला विचारलंत, वर्गात विचारावं तसं. मी म्हटलं, "झोपला होता." तुम्ही मान हलवलीत. पुढे काही बोलला नाहीत. माझी मुलगी तर जन्मापासून डोळे मिटूनच होती.

मी म्हटलं, मग खुणेला काही अर्थच नाही का? तुम्ही ठाम नाही म्हणालात. बाप्तिस्म्याला कमी लेखणाऱ्यांवरही तुम्ही चिडता, हे मी पाहिलं आहे. पण खूण कराराची असते, करार खुणेचा नसतो, असं सांगून तुम्ही यहोशवाचा पाचवा अध्याय दाखवलात. रानात जन्मलेल्या इस्राएलाच्या एका अख्ख्या पिढीची सुंताच झाली नव्हती, तरी देवाने पुरवलेलं अन्न, मान्ना, रोज पडत होतं. आणि मुलींची तर सुंता कधीच नव्हती. सारा, मिर्याम, हन्ना कराराबाहेर होत्या, असं म्हणायची कोणाची छाती आहे? रजिस्टरवाल्या गृहस्थांनी हा एक प्रश्न स्वतःला विचारला असता, तर मातीच्या दिवशी ते गप्प राहिले असते.

बाई, तुमची आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. माझ्या रागाला तुम्ही खतपाणी घातलं नाहीत. मी तक्त्यावाल्यांबद्दल तोडून बोलले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मत आणि माणूस वेगळे धर." आणि मग त्यांची बाजू त्यांच्याहून चांगली मांडलीत. युगव्यवस्थेची, म्हणजे देव युगागणिक माणसांशी वेगळ्या रीतीने वागतो ही, मांडणी डार्बी हे उपदेशक आणि त्यांच्या प्लिमथ ब्रदरन मंडळ्यांतून एकोणिसाव्या शतकात पुढे आली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमुळे जगभर पसरली. इस्राएलाला दिलेली वचनं देव इस्राएलाशीच पाळील, ती मंडळीच्या नावावर परस्पर चढवू नका, हा त्यातला आग्रह देवाच्या शब्दाबद्दलच्या आदरातूनच येतो. आणि त्या मताचे बहुतेक लोक तान्ही लेकरं प्रभूजवळ जातात असंच मानतात. ते उपदेशक मला एवढं सांगू शकले असते.

बॅप्टिस्टांचंही तसंच. ते यिर्मयाचा एकतिसावा अध्याय धरून म्हणतात की नव्या करारात लहानापासून थोरापर्यंत सगळे देवाला ओळखतात, तेव्हा विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा. करार-सिद्धान्त मानणारे, म्हणजे लेकरांनाही बाप्तिस्मा देणारे, उत्पत्तीचा सतरावा अध्याय धरतात, "तुझा आणि तुझ्यामागे तुझ्या संततीचा देव", आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र म्हणाला ते, की हे वचन तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना आहे. १५२० च्या दशकात झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंगलीने बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांशी वाद घातला तो यावरच, आणि १५३४ मध्ये त्याच्या जागी आलेल्या बुलिंगरने करारावर ग्रंथ लिहिला तोही याच वादाच्या धगीत. पाचशे वर्षं झाली, वाद मिटला नाही. पण लंडनच्या स्पर्जनने, पक्क्या बॅप्टिस्टाने, १८६१ मध्ये व्यासपीठावरून सांगितलं की तान्हेपणी मेलेली सगळी लेकरं तारली जातात. वसईची माझी कॅथलिक मैत्रीण लिंबोच्या, म्हणजे बाप्तिस्म्याविना मेलेली बाळं स्वर्गाबाहेरच राहतात या, भीतीत वाढली. तिच्यासाठी तुम्ही २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांच्या तारणाच्या आशेवर काढलेला दस्तऐवज शोधून ठेवलात. तिला तुम्ही पाहिलेलंही नाही.

पण मला सगळ्यात आधार वाटला तो डॉर्टचा. नेदरलँड्समधल्या या गावात १६१८-१९ मध्ये धर्मसभा भरली आणि तिच्या ठरावांमुळे कॅल्विनपंथीयांना, म्हणजे कोण तारलं जाणार हे देवच ठरवतो असं मानणाऱ्यांना, कठोर म्हणून आजवर नावं ठेवली जातात. त्याच ठरावांच्या पहिल्या भागात सतरावं कलम आहे: विश्वासणाऱ्यांची लेकरं पवित्र आहेत, स्वभावाने नव्हे तर कृपेच्या करारामुळे, म्हणून देवाने तान्हेपणीच बोलावून घेतलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाबद्दल देवभीरू आईबापांनी शंका धरू नये. आणि समारोपात, आपल्यावर घेतलेला एक आरोप ती मंडळी संतापाने झिडकारतात: निष्पाप लेकरांना आईच्या छातीपासून ओढून नरकात टाकलं जातं असं आम्ही शिकवतो, हे खोटं आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडितांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी आई होती, बाई. घरोघरी लेकरं मरत होती तेव्हा. नियम लिहिताना त्यांना तिची आठवण झाली. आमच्या मंडळीला नोंद नाकारताना ती झाली नाही.

आपल्याकडे हे शिकवलं का जात नाही? अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ पासून नगरला राहिली. त्यांच्या पूर्वजांनी न्यू इंग्लंडमध्ये १६६२ साली याच प्रश्नावर डोकी फोडून घेतली होती: कोणाच्या लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा आणि ती करारात किती धरायची. पद्धत आमच्यापर्यंत आली, वाद आणि त्यामागची कळकळ आली नाही. आमच्या हाती राहिलं रजिस्टर. तुम्ही मला नागपूरचीही आठवण करून दिलीत. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं, तेव्हा बालबाप्तिस्मा मानणारे आणि विश्वासाचा बाप्तिस्मा मानणारे एका मंडळीत आले आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. एवढं मोठं मन ज्या माणसांनी दाखवलं, त्यांच्या नातवंडांनी एका बाळाचं नाव लिहायला का कचरावं?

ज्ञानी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पण समोरचं माणूस रडत असताना आपलं ज्ञान थोडा वेळ बाजूला ठेवून आधी त्याच्या लेकराचं नाव विचारणारं माणूस विरळाच. आणि तुमच्याकडे तर बाजूला ठेवायला त्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त होतं. ते तुम्ही मला नंतर दिलंत, घोट घोट, मला पेलेल तसं. अशी माणसं आहेत म्हणून मंडळी टिकून आहे, असं मी मनापासून मानते.

आता एक मागणं. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. माझी बहीण येणार आहे. ती विश्वासाचा बाप्तिस्मा मानते, पण तुमच्याबद्दल ऐकल्यापासून तुम्हाला भेटायचं म्हणते. तिच्याजवळ प्रश्नांची यादी तयार आहे, यिर्मयापासून इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रापर्यंत. तुम्ही यावं अशी आम्हा सगळ्यांची फार इच्छा आहे. जिने चढायचे नाहीत, घर तळमजल्यावर आहे. सकाळी गाडी घेऊन तुमचे जावई, म्हणजे माझे हे, स्वतः येतील. तुमचं ते बायबल मात्र बरोबर आणा. आमच्या पाळकांना मी त्यातलं एक पान दाखवणार आहे, आणि मग रजिस्टराचा विषय काढणार आहे.

ख्रिस्तात तुमची,
नगरची एक लेक